राक्षसाचं शेवटचं वाक्य

गांज्याबद्दल खरं बोलायच्या भानगडीत पडू नका. वाईट बोला. हवं तितकं वाईट बोला, लोक माना डोलावतील, शाल देतील, नारळ देतील. चांगलं बोललात तरी एक वेळ चालेल, ऐकणारे कुठं ना कुठं सापडतातच. पण जेवढं आहे तेवढंच, तोलूनमापून बोलायला गेलात तर दोन्हीकडून मार खाल. मी खाल्लाय. मी बी.फार्म. झालेला माणूस. मंचरहून घोडेगावकडे जाताना जी गावं लागतात त्यातल्या एका गावात माझं औषधांचं दुकान आहे. गावाचं नाव सांगत नाही, आधीच पुष्कळ शोभा झालीय. मी आयुष्यात विडी ओढलेली नाही. आम्ही जैन, त्यामुळे कांदासुद्धा खाल्लेला नाही. कांद्याच्या मुलखात जन्म काढून ज्यानं कांदा तोंडात घातला नाही, त्याला अख्खं गाव आज 'गांजाशेठ' म्हणतं. आता बोला.

सुरुवात मंगलवहिनींपासून झाली. त्या आमच्या शेजारी, भिंतीला भिंत. नवरा टेम्पो घेऊन कायम वाशी मार्केटला. तो घरी दिसला की आम्ही आज कुठला सण आहे ते कॅलेंडरात बघतो. एकुलता एक मुलगा स्वराज, पुण्यात इंजिनियरिंगला होता. पावसाळ्याच्या तोंडावर तो कॉलेज अर्धवट टाकून परत आला, आणि तेव्हापासून घराबाहेर पडला नव्हता. एका दुपारी वहिनी दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच कंगवे बघत उभ्या राहिल्या.

"अरिहंतभाऊ, चहात टाकायची झोपेची गोळी द्या की एखादी."

"कुणाला?"

"पोराला. झोपतच न्हाई. म्हणतो, पंखा माझ्याबद्दल बोलतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला पट्टी लावून ठेवलीय. गांजा वढत व्हता वो पुण्यात. हितं बी कुणी तरी आणून देतं. मला आत्ता कळलं."

चोरून गोळी द्यायची नसते, हे मी त्यांना समजावलं. मनाच्या डॉक्टरला दाखवा म्हटलं. पुण्यात आहेत चांगले, मी नंबर देतो.

"त्यो येतोय व्हय! म्हणतो, मला काय झालं न्हाई. शाळेत सांगितलं व्हतं, एक झुरका मारला की माणूस येडा व्हतो. त्याच्या रूमवरची तिघं रोज वढून पास झाली, नोकरीला लागली. म्हणतो, तुमी लोकं सगळं खोटंच सांगता, मग आता तुमचं का ऐकू? भाऊ, तुमी शिकल्यालं हायसा. खरं सांगा, गांज्यानं असं व्हतं का?"

खरं सांगा म्हटल्यावर मी सांगितलं. बहुतेकांना असं होत नाही. काहींना होतं. कोवळ्या वयात सुरू केलं, रोज ओढला, कडक ओढला तर धोका वाढतो. आणि घरात आधी कुणाला मनाचा आजार असेल तर आणखी वाढतो.

वहिनी स्टुलावर बसल्या. "माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "विहिरीवर बसून एकटाच बोलायचा. त्यातच गेला." मग डोळे पुसून उठल्या. "कुणाला बोलू नका भाऊ. तुमाला शपथ हाय. पोराचं नाव एकदा खराब झालं की झालं." मी शब्द दिला. आता वाटतं, शब्दाऐवजी कंगवा द्यायला पाहिजे होता.

त्याच आठवड्यात चिमाजी आला. चिमाजी आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या आयुष्यात दोनच ऋतू आहेत, गणपती आणि गणपतीची तयारी. आमच्याकडे मंडळं जिवंत देखावा करतात. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: संवाद आधीच स्टुडिओत रेकॉर्ड करायचे, स्पीकरवर लावायचे, आणि गल्लीतल्या पोरांनी रंग फासून स्टेजवर नुसते हात आणि तोंड हलवायचं. एक खेळ संपला की लगेच दुसरा, गर्दी हटेपर्यंत. यंदा तालुक्याच्या देखावा स्पर्धेचा विषय व्यसनमुक्ती होता.

"दारूवर समदीच मंडळं करणार," चिमाजी म्हणाला. "आपण गांजा घ्यायचा. नवीन हाय. तुमी लिवा, शेठ. औषधाचं तुमाला कळतं."

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं की मांडव दरवर्षी मंगलवहिनींच्या गॅलरीखाली पडतो, आणि स्पीकरचं तोंड थेट स्वराजच्या खिडकीकडे असतं. जो पोरगा कुणाचं ऐकायला तयार नाही, त्याच्या कानावर रोज संध्याकाळी माझे शब्द पडणार. एक वाक्यही खोटं सापडलं नाही तर कदाचित पटेल त्याला. गाव गेलं खड्ड्यात, मी एकट्या स्वराजसाठी लिहायला बसलो.

आमच्याकडे तेव्हा पर्युषण चालू होतं. वडील, म्हणजे धरमचंदजी, उपास करून माळ ओढत बसलेले. त्यांनी चष्म्यावरून माझे कागद पाहिले. "लोक या दिवसांत वर्षभराच्या पापांची क्षमा मागतात," ते म्हणाले, "आणि तू गांजा लिहितोस." माझी बायको टीना जरा सौम्य. तिनं सगळं वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे सगळं. पण वाचताना मलाच जांभई आली."

मंडळाच्या खोलीत पहिलं वाचन झालं. ओढणाऱ्या दहा जणांत साधारण एकाला तो सुटत नाही, असं माझं पहिलं वाक्य होतं.

"म्हंजी नऊ जण मोकळे?" चिमाजी म्हणाला.

"मोकळे नाहीत. खोकला होतो, लक्ष लागत नाही, आठवण कमी होते, गाडी चालवली तर अपघात होतो. शाळकरी वयात लागला तर दहात एकापेक्षा जास्त जण अडकतात. तेही लिहिलंय पुढं."

"आन् हे काय? 'गांजा जास्त झाल्यानं थेट मरण सहसा येत नाही'? शेठ, ही तर जाहिरात झाली राव! आपल्याला पोरं घाबरवायचीत का बोलवायचीत?"

मी म्हटलं, पोरांना हे ठाऊक असतं. आपण मरतो म्हणालो की ती पुढचं सगळं खोटं धरतात. माझं बोलणं संपेपर्यंत सगळे मागच्या भिंतीकडे बघत होते, कारण तिथं राक्षस टांगलेला होता. गेल्या वर्षी प्लास्टिकबंदीवर देखावा केला होता, त्यातला हा प्लास्टिकचा राक्षस. आमच्या वजीरभाईंनी शेकडो कॅरीबॅगा शिवून केलेला. वजीरभाई टेलर, गल्लीतले जुने, गणपतीचा पडदा दरवर्षी तेच शिवतात. राक्षस वाया घालवायचा नाही, हे मंडळाचं आधीच ठरलं होतं. त्याला हिरवी पानं लावली की गांजा झाला. "अरिहंतभाई, पत्ता कैसा होता है इसका?" वजीरभाईंनी विचारलं. मी शास्त्रोक्त चित्र काढून दिलं, कातरलेल्या कडा आणि पाच-सात बोटं. त्यांनी मन लावून कापली. पुढं ती पानं बघून अर्ध्या गावाला वाटलं, देखावा अंबाडीच्या भाजीवर आहे.

मग परवानगी. संहिता पोलिसांना दाखवावी लागते. तिथल्या हवालदारांनी कागद उलटसुलट केला आणि त्याच वाक्यावर बोट ठेवलं.

"मरण येत नाही, हे लिहायची गरज काय?"

"खरं आहे म्हणून."

"खरं लई असतं, शेठ. समदं लिवायचं नसतं." मग जरा थांबून, "तुमाला एवढी माहिती कुठनं?"

"पुस्तकातून."

"पुस्तकातून," असं म्हणून त्यांनी माझं नाव आणि मोबाइल नंबर वेगळ्या कागदावर उतरवून घेतला. माहिती बरोबर असल्याचा सरकारी डॉक्टरचा दाखला आणा म्हणाले. डॉक्टरसाहेब तीन खेपांनंतर भेटले. त्यांनी संहिता वाचली, हसले, सगळं बरोबर आहे म्हणाले. तसं लिहून द्या म्हटलं तर हसायचे थांबले. शेवटी कोपऱ्यात 'पाहिले' एवढंच लिहून त्यांनी शिक्का मारला. हवालदारांना शिक्का बघून फार बरं वाटलं. माझं मात्र त्या दिवसापासून गावानं 'गांजाशेठ' नाव पाडलं. एक गिऱ्हाईक तर खोकल्याचं औषध घेता घेता वाकून हळूच म्हणालं, "आन् ते दुसरं, ठेवता का?"

रेकॉर्डिंग नारायणगावला होतं. आवाज गेणभाऊंचा. हे तमाशात उभी हयात राजे आणि राक्षस केलेले गृहस्थ. आता गुडघे गेलेत, पण आवाजानं अजून कौलं हलतात. मी त्यांच्या हातात संहिता दिली. त्यांनी तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"राक्षस कागदात बघून बोलत नसतो, शेठ."

आणि माइक चालू झाला. "हाऽऽ हाऽऽ हाऽऽ! मी गांजा! एकदा का तुझ्या डोक्यात शिरलो, की देव जरी आला तरी तुझी सुटका न्हाई! सुटका न्हाईऽऽ!"

मला ती खिडकी दिसली, आणि तिच्या आत बसलेला, पंख्याचं बोलणं ऐकणारा पोरगा.

"गेणभाऊ, शेवटचं वाक्य तेवढं बदला. सुटका होते. गांजा सोडता येतो, उपचार असतात."

"राक्षसच म्हणाया लागला सुटका व्हते, तर मग त्यो राक्षस कसला?"

मी बरोबर आलेल्या चिमाजीचा हात धरून त्याला बाहेर नेलं. म्हटलं, हे वाक्य काढ, माझ्यासाठी काढ. तो म्हणाला, "काय सांगता! टाळी तिथंच हाय. पण का काढायचं, ते तरी सांगा." आणि मला कारण सांगता येईना. शब्द दिला होता ना! मी नुसता तोंड उघडून उभा राहिलो, स्टेजवरच्या पोरांसारखा. शेवटी तडजोड झाली. राक्षस बोलेल ते बोलेल. देखावा संपल्यावर माझी सूचना लागेल. गेणभाऊंनी ती वाचायला नकार दिला, त्यात जीव न्हाई म्हणाले. म्हणून मीच वाचली. "गांजा ओढणारा प्रत्येक जण वेडा होत नाही. पण तुम्हाला आवाज ऐकू येत असतील, कुणी पाळत ठेवतंय असं वाटत असेल, तर लपवू नका. हा आजार आहे. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरला भेटा." माझा आवाज रेकॉर्डवर इतका नाकातला येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

देखावा तुफान चालला. मंचर, घोडेगावहून गाड्या भरून माणसं येऊ लागली. राक्षस यायचा, कॅरीबॅगा सळसळायच्या, हिरवे दिवे लागायचे, गेणभाऊ गरजायचे, बाया पोरांना पोटाशी धरायच्या. 'सुटका न्हाई' झालं की शिट्ट्या. मग माझी सूचना सुरू व्हायची, आणि त्याच वेळी मंडळाचा एक कार्यकर्ता दुसऱ्या माइकवरून सांगायचा की पांढरी स्कॉर्पिओ ज्यांची असेल त्यांनी बाजूला घ्यावी, पुढच्या लोकांनी पुढं सरकावं, प्रसाद डाव्या बाजूला आहे. कट्ट्यावरची पोरं एकमेकांच्या मानगुटीवर बसून 'सुटका न्हाई' ओरडत होती आणि हसत होती. घाबरलेलं कुणी मला दिसलं नाही.

एक जण सोडून. वर गॅलरीची खिडकी पहिल्या संध्याकाळीच बंद झाली. नंतर तिला आतून गोधडी लागली. मंगलवहिनी दुकानात येऊन म्हणाल्या, "भाऊ, त्यो दिवसा बी तेच ऐकतो आता. खाली कोण बोलतंय म्हणून विचारत व्हता, आन् तवा तर स्पीकर बंद व्हता." मी पुन्हा चिमाजीकडे गेलो. स्पीकरचं तोंड तरी फिरव म्हटलं. त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "शेठ, तुमाला बरं न्हाई का? बीपी तपासा."

गौरी गेल्या त्या संध्याकाळी स्पर्धेचे परीक्षक आले होते. पुढच्या खुर्च्यांवर, गळ्यात हार घालून बसलेले. राक्षस नुकताच अवतरला होता. तेवढ्यात स्वराज घरातून बाहेर आला. अनवाणी, दाढी वाढलेली, बनियनवर. गर्दी कापत तो सरळ स्टेजवर चढला आणि राक्षसाच्या छातीवरच्या कॅरीबॅगा दोन्ही हातांनी धरल्या.

"गप! गप बस म्हणतो ना! दिवसभर तेच तेच बोलतोयस!"

राक्षस झालेल्या पोराला काय करावं कळेना. तो बिचारा शिकवल्यासारखं तोंड हलवत राहिला. स्वराजनं त्याच्या तोंडावर हात दाबला. गच्च दाबला. आणि आवाज येतच राहिला. "देव जरी आला तरी तुझी सुटका न्हाई!" तोंड बंद, आणि आवाज चालू. स्वराजनं हात काढून त्या हाताकडे पाहिलं. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. मग तो खाली बसला, दोन्ही कानांवर हात घेऊन, आणि रडायला लागला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या आमच्या गल्लीनं कधी ऐकल्या नव्हत्या. शिट्ट्या, मोबाइल वर. परीक्षक उभे राहिले. मी गर्दीत मागं अडकलो होतो, ओरडत होतो, "अहो, हे देखाव्यातलं नाही!" शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "गप राव, बघू द्या की." शेवटी वजीरभाईंनी, जे पडद्यामागं सुईदोरा घेऊन बसलेले असतात, वायर खेचली. दिवे, आवाज, सगळं बंद पडलं. अंधारात मंगलवहिनींचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "चल बाळा. घरी चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजी पेढे घेऊन दुकानात. "परीक्षक येडे झाले, शेठ! विचारत व्हते, तो पोरगा कोण, कुठल्या फडातला. मंगलवहिनीचाच ना तो? रोज येईल का? तुमचं शेजारपण हाय, तुमी विचारा की."

मी काय काय बोललो ते मला नीट आठवत नाही. पेढ्यांचा बॉक्स रस्त्यावर गेला, एवढं टीना सांगते. दुकानात मी आजवर कुणाला अरे-तुरे केलेलं नाही, त्या दिवशी केलं. दिलेला शब्दही मोडला, कारण आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. चिमाजी स्टुलावर बसला. त्याचं तोंड उतरलं.

"खरंच आजारी हाय त्यो? मग तुमी आधी का न्हाई बोलला?"

चिमाजी वाईट माणूस नाही. त्यानं संध्याकाळी आवाज निम्म्यावर आणला. पूर्ण बंद करता येणार नाही म्हणाला, अंतिम फेरी बाकी होती.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी वहिनींनी मला घरी बोलावलं. स्वराज खोलीच्या कोपऱ्यात फरशीवर बसला होता. पंखा बंद, खिडकीला गोधडी, आत कोंदट वास. किती वाळला होता पोरगा! लहानपणी हाच माझ्या दुकानात येऊन व्हिटॅमिनच्या गोड गोळ्या मागायचा. मी त्याच्यासमोर फरशीवर बसलो.

"काका, तो खरं बोलतो का? सुटका नाही?"

"खोटं बोलतो. ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं," मी म्हणालो. काय माणूस आहे मी! तिथंही मला माझ्या संहितेची पडली होती.

"मग मी बरा होईन?"

दाराआडून मंगलवहिनी माझ्याकडे बघत होत्या. हात जोडून, सगळा चेहरा पुढं करून, हो म्हणा, हो म्हणा. मला हो म्हणायचं होतं. जीभ अगदी उचलली होती. पण या पोराला आजवर सगळ्यांनी पक्कंच सांगितलं होतं. एक झुरका की वेडा, मित्रांनी सांगितलं काही होत नाही, राक्षसानं सांगितलं सुटका नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो. "गांजा सोडल्यावर काहींचं हे थांबतं. काहींचं राहतं, गोळ्या घ्याव्या लागतात, कधी पुष्कळ दिवस. गोळ्यांनी बहुतेकांना फरक पडतो. तुझं कसं होईल ते आज मी सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगू शकणार नाही. जितक्या लवकर दाखवशील तितकं चांगलं, हे मात्र नक्की."

दाराआड वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला.

"आज जायचं?" स्वराजनं विचारलं.

वजीरभाईंनी त्यांची ओम्नी काढली. टीनानं पुण्याच्या डॉक्टरला फोन लावून वेळ घेतली. स्वराज पुढं बसला, मी आणि वहिनी मागं. मंचर मागं पडलं, कांद्याचे ट्रक ओलांडत आम्ही पेठचा घाट चढलो. वहिनी तोवर खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या, आणि इतक्या हळू बोलल्या की मला वाटलं पुढं ऐकू जाणार नाही.

"व्हशील बरा, एवढंच म्हणायचं व्हतं भाऊ. एक शब्द. पोटच्या पोरासमोर आईला असं ऐकवायचं व्हय? एवढं एक खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

स्वराजनं मागं वळून पाहिलं नाही.

"मग मी आलो नसतो, आई," तो म्हणाला.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. वजीरभाईंनी काच थोडी खाली केली.